ज्याची चिठ्ठी त्याला

पेणच्या रामवाडीत दत्तात्रेयच्या घरात त्या वर्षी विद्या अशी काही घुसली की पाणी प्यायचं तरी आधी माठ वाचावा लागे. बालवाडीच्या कृष्णाबाईंनी पालकांच्या सभेत सांगितलं होतं, "घरातल्या वस्तूंवर नावाच्या चिठ्ठ्या लावा. पोरं खेळता खेळता वाचायला शिकतात." बाकीचे पालक चहा पिऊन घरी गेले. दत्तात्रेय मात्र वाटेत डिंकाची बाटली घेऊनच आला. आळीतलं पहिलं वाचणारं पोर आपल्याच घरात निघणार, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

माठ, दार, खुंटी, पाटा-वरवंटा, सगळ्यांचं बारसं झालं. पाच वर्षांची शांती बोट ठेवून वाचत सुटली. दत्तात्रेयची आई हौसा तांदूळ निवडत बसली होती; तिच्या पाठीवर ‘आजी’ चिकटली.

"मेल्या, मी कोण हाय ते या घरात कोणाला ठाऊक नाय व्हय?"

"आये, शिक्षण असंच असतं," दत्तात्रेय म्हणाला. स्वतः चौथीत दोनदा बसल्यामुळे शिक्षणाची त्याला खोलवर माहिती होती.

पुढच्या सभेत बाईंनी खेळाची दुसरी पायरी सांगितली. चिठ्ठ्या मुद्दाम चुकीच्या जागी लावायच्या. पोरानं चूक ओळखून चिठ्ठी काढायची आणि योग्य जागी न्यायची. दत्तात्रेय माठावर ‘दार’ लावी, शांती ती ओरबाडून काढी आणि ओरडे, "चुकला बाबा! ज्याची चिठ्ठी त्याला!" प्रत्येक वेळी बापाची छाती फुगे.

घराला लागूनच दत्तात्रेयचा गणपतीचा कारखाना होता. श्रावणात गिऱ्हाईक येई, रंगवलेली मूर्ती पसंत करी, आणि दत्तात्रेय त्याच्या नावाची चिठ्ठी मूर्तीच्या बैठकीला चिकटवी. वहीबिही काही नाही. चिठ्ठी असताना डोक्याला शीण कशाला, असं त्याचं मत होतं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी तो कारखान्यात शिरला आणि डोळे चोळून पुन्हा पाहू लागला. घरची एक धरून अठ्ठावीस मूर्ती, आणि गिऱ्हाइकांच्या सत्तावीसच्या सत्तावीस चिठ्ठ्या गायब! पुढच्या आठ-दहा मूर्तींवर वेड्यावाकड्या अक्षरांत ‘गणपती’ असं लिहिलेलं होतं. मागच्यांपर्यंत जाईस्तोवर लेखिकेचा हात दुखला असावा.

"शांते! हे काय केलंस?"

"सगळ्या चुकल्या व्हत्या," शांती शांतपणे म्हणाली. "हा गणपती हाय ना? मग त्याच्यावर काळुराम कशाला?"

उत्तर बिनचूक होतं, हीच तर पंचाईत होती. काढलेल्या चिठ्ठ्या तिनं डब्यात जपून ठेवल्या होत्या. ती ती माणसं आली की त्यांना लावायच्या होत्या. मारायला उचललेला हात दत्तात्रेयनं तसाच डोक्याला लावला. बापाच्या वेळेपासूनची गिऱ्हाइकं होती. कोणाचा देव कोणाच्या घरी गेला, तर पुढच्या श्रावणात कारखान्यात कुत्रंही फिरकणार नव्हतं.

तेवढ्यात कासूचा काळुराम पाट घेऊन दारात हजर झाला. शांतीनं पळत जाऊन त्याच्या सदऱ्यावर त्याची चिठ्ठी थोपटली.

"माझा कुठला रं, दत्ता?"

दत्तात्रेयला एकदम युक्ती सुचली. "तुम्हीच ओळखा की! माणूस आपला देव विसरतो काय?"

काळुरामनं पापणीही न लववता मधल्या, सगळ्यांत देखण्या मूर्तीवर बोट ठेवलं. "ह्योच!"

मागोमाग वडखळचा महिपती आला. "हात नको लावू, तो माझा हाय! त्याचे डोळे मी विसरंन व्हय?" त्यानंतर आलेल्या चौघांनाही आपला देव लगेच ओळखू आला, आणि तो नेमका तोच निघाला. दहा वाजेस्तोवर अकरा भाविक छातीवर आपापलं नाव लावून एका मूर्तीसाठी एकमेकांचं कूळ काढत होते. शांतीला मात्र एवढी माणसं वाचायला मिळाल्यानं फार आनंद झाला होता.

शेवटी हौसा उठून आली. आयुष्यात तिनं एक अक्षर गिरवलं नव्हतं.

"गप रव्हा सगळे! काळुराम, तू सोमवारी आला व्हतास, छत्री विसरून गेलास, परत आलास. खांबाजवळचा तुझा. महिपती, तू बायकोला बाहेर उभी करून दोन तास घोळ घातलास. खिडकीतला तुझा."

"आन् मधला?" महिपतीनं चाचरत विचारलं.

"तो आमचा, घरचा."

आपल्याला नाही तर नाही, पण दुसऱ्यालाही मिळाला नाही, एवढ्यावर अकराही जण प्रसन्न झाले. हौसानं एकेकाचा वार, पाऊस, बायको सांगत दुपारपर्यंत सत्तावीस मूर्ती पाटांवर चढवल्या.

शेवटचा टेम्पो गेल्यावर दत्तात्रेयला भरून आलं. त्यानं आईचे पाय धरले.

"आये, एवढं सगळं तुझ्या ध्यानात व्हतं?"

"कुठलं रं! ज्याच्या तोंडाला जो शोभला, तो दिला."

"आन् ती छत्री? महिपतीची बायको?"

"श्रावणात छत्री कोण विसरत नाय? आन् बायकोला कोण ताटकळत ठेवत नाय?"

दत्तात्रेयनं आईचे पाय सोडले. "आये, घरी जाऊन त्यांच्या ध्यानात आलं तर?"

"उगी बस," हौसा म्हणाली. "सगळे आपापला देव ओळखीत व्हते ना? मग नेताना एक तरी म्हणाला काय, ह्यो माझा नाय म्हणून?"