फक्त विचारतेय

पाणी आलं तेव्हा इंद्रायणी रेवूच्या नाकात थेंब घालत होती आणि रेवू सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा भोकाड पसरून रडत होता.

सोलापुरात पाणी येणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. चार दिवसांआड येणारा पाहुणा. त्याची सरबराई आधी, बाकी जग मागाहून. भरल्या पंगतीतून बायका उठून घराकडे पळतात आणि नवरा-नवरीलाही त्याचं काही वाटत नाही. त्यात आजचं पाणी साधं नव्हतं. परवा रेवूचं जावळ होतं. होटगीहून मामा येणार, मैंदर्गीहून सगळी भावकी येणार, अंगणात गव्हाच्या खिरीसारखी हुग्गी शिजणार. मुकुंदनं मोटार लावून गच्चीवरची टाकी भरली. त्याच्या आईनं, प्रेमलाबाईंनी, पिंप भरलं, घागरी भरल्या, पातेली भरली आणि शेवटी पोळ्यांचा रिकामा डबासुद्धा भरून ठेवला.

इंद्रायणीला मात्र रेवूच्या सर्दीशिवाय काही सुचत नव्हतं. गड्ड्याच्या जत्रेतून आल्यापासून पोराचं नाक वाहत होतं. तिनं एम.एस्सी. केलं होतं, बाळांवरची दोन जाडजूड पुस्तकं वाचली होती आणि रेवूच्या प्रत्येक शिंकेचा विचार ती मुळापासून करायची. डॉक्टरांनी एकदा सहज म्हटलं होतं, घरगुती उपाय नकोत. ते वाक्य तिनं सासूबाईंना इतक्यांदा ऐकवलं होतं की प्रेमलाबाईंनी बाळकडूची सहाण कपाटावर टाकली आणि "तुझं पोर, तुझं डाक्टर" म्हणून त्या गप्प बसल्या. त्यांचं गप्प बसणं ही काही चांगली खूण नसते, हे इंद्रायणीला कळायला हवं होतं. पण लग्नाला तीनच वर्षं झाली होती.

तिनं रेवूला कुंची बांधली, कडेवर घेतलं आणि उकळायला पाणी काढावं म्हणून पिंपावर वाकली. वाकताच तिला वास आला. उग्र, कडवट, औषधी, कधी न आलेला. ती सरळ उभी राहिली. वास गेला. पुन्हा वाकली. पुन्हा वास. म्हणजे पाण्यालाच, हे शास्त्रीय पद्धतीनं सिद्ध झालं.

"अहो, जरा इकडे या. पाण्याला वास येतोय."

मुकुंद ऑफिसचा शर्ट घालत होता. तो दारातूनच म्हणाला, "तुला मागल्या महिन्यात गॅसचा वास आला होता. त्याच्या आदल्या महिन्यात वायर जळल्याचा."

"आई, तुम्ही तरी बघा."

प्रेमलाबाई पिंपाच्या दिशेला फिरकल्यासुद्धा नाहीत. "माजं नाक चोंदलंय बाई," म्हणाल्या आणि देवघरात जाऊन बसल्या.

हेच इंद्रायणीचं दुःख होतं. या घरात तिनं कशाचीही काळजी केली, की नवरा हसायचा आणि सासू उठून जायची. तिनं फोन उघडला आणि 'सिद्धकला नगर परिवार' या गल्लीच्या ग्रुपवर अगदी सभ्य भाषेत लिहिलं: 'आज पाण्याला कुणाला वास येतोय का? फक्त विचारतेय.'

पहिलं उत्तर अंगठ्याचं आलं. त्याचा अर्थ येतोय की नाही येत, हे कळेना. दुसऱ्यानं शुभ सकाळचं गुलाबाचं फूल टाकलं. तिसऱ्यानं कुणाला घर भाड्यानं हवंय का, असं विचारलं. वैतागून तिनं रेवूला घेतलं आणि स्वतःच चौकशीला निघाली.

समोरच्या धनलक्ष्मीच्या नवऱ्याचा टॉवेलचा कारखाना होता आणि घरात ही मोठी हौद-टाकी. दोघी हौदावर वाकल्या, मध्ये रेवू. धनलक्ष्मीनं नाक आत ओढलं आणि तिचा चेहरा उतरला. "काल नव्हता की वो ताई. आत्ताच आला बघा." शेजारची झीनत तर वाकायच्या आधीच म्हणाली, "हाँ भाभी, बास तो आरी. सुबू से मेरेकू बी लगरा था." ज्या ज्या घरी इंद्रायणी गेली त्या त्या घरी वास निघाला. ज्या घरी ती गेली नाही, त्या घरच्यांनी आपल्यालाच का येत नाही म्हणून जोर लावून हुंगलं, आणि मग त्यांनाही आला.

झीनतचा पुतण्या सोहेब 'पेठेतली खबर' नावाचं फेसबुक पान चालवायचा. कुणाची म्हैस हरवली, कुठला खांब वाकला, अशा बातम्या तो मोठ्या कळकळीनं द्यायचा. जेवायच्या वेळेपर्यंत त्याच्या पानावर झळकलं: 'सिद्धकला नगरात पाण्याला उग्र दर्प! तरुण मातेचा आक्रोश!' आक्रोश इंद्रायणीनं केला नव्हता. आक्रोश रेवूचा होता, तोही नाकातल्या थेंबांमुळे. तिनं सोहेबला फोन करून हे शांतपणे सांगितलं. तो म्हणाला, दीदी, आक्रोश काढला तर बातमीत राहतं काय?

दुपारी सांगोल्याहून तिच्या आईचा फोन आला. सोलापूरच्या पाण्यात काहीतरी औषध मिसळलंय म्हणे, अख्खा भाग आजारी पडलाय, बाळाला थेंबभरही पाजू नकोस, महिला मंडळाच्या ग्रुपवर आत्ताच आलंय. इंद्रायणी सकाळपासून नुसती शंका घेत होती. आता बातमी थेट सांगोल्याहून आली, म्हणजे खरीच असणार. आपलाच प्रश्न गावोगाव फिरून, अंगावर मांस चढवून, घरी परत आलाय, हे त्या घटकेला तिच्या ध्यानात येणं शक्य नव्हतं. तिनं गच्चीवर जाऊन टाकीचं तळाचं बूच काढलं.

प्रेमलाबाई आयुष्यात पहिल्यांदा जिना पळत चढल्या. "अगं यव्वा, वतू नगंस. परवा कार्य हाय. चांगलं हाय गं पाणी."

"तुमचं नाक चोंदलंय ना आई? मग चांगलंय हे कशावरून?"

प्रेमलाबाईंनी तोंड उघडलं, कडेवरच्या रेवूकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

इंद्रायणीच्या गच्चीवरून पाणी वाहताना गल्लीनं पाहिलं. शिकलेली बाई, लेकराची आई, जावळ तोंडावर आलेलं, आणि ती टाकी ओततेय, म्हणजे प्रकरण भलतंच. झीनतनं टाकी ओतली. धनलक्ष्मीच्या नवऱ्यानं मोटार टाकून हौद उपसून काढला. ज्या गल्लीत भांडी धुतलेल्या पाण्यानं झाडं जगवतात, त्या गल्लीतून त्या दुपारी ओढा वाहिला.

संध्याकाळी पाणीखात्याचे साहेब आले. त्यांनी मुख्य नळाचं पाणी ग्लासात घेतलं, हुंगलं, सगळ्यांदेखत घटाघटा प्यायलं आणि म्हणाले, "वास कुटाय? तक्रार कुनाची हाय?" गर्दीनं वाट करून इंद्रायणीला पुढं केलं. थंडी पडायला लागली होती, म्हणून तिनं रेवूची कुंची नीट ओढून घेतली आणि म्हणाली, साहेब, असं लांबून नाही कळत, नळापाशी वाकून बघा. साहेब वाकले. तीही वाकली. साहेबांचं नाक रेवूच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर होतं.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. नुकतंच प्यायलेलं.

"हाय की थोडासा," ते पोटावरून हात फिरवत म्हणाले. तिथल्या तिथं नमुन्याच्या बाटल्या भरल्या गेल्या, आणि तपासणी होईपर्यंत या लाईनला पाणी सोडायचं नाही, असा हुकूम सुटला.

आता गल्लीत थेंब नव्हता आणि परवा जावळ होतं. भावकीला फोन करून येऊ नका म्हणावं, तर जावळाचा दिवस धरलेला. आणि मैंदर्गीची माणसं रुसली की दोन पिढ्या बोलत नाहीत. मुकुंद गावातल्या प्रत्येक टँकरवाल्याला फोन करत होता. सगळे लग्नांना गेलेले. पोळ्यांच्या डब्यातलं पाणी तेवढं शिल्लक होतं; ते ओतायला कुणाला आठवलंच नव्हतं.

"टाकी मी ओतली नव्हती," मुकुंद एकदाच म्हणाला. इंद्रायणीनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं पुढचा फोन गॅलरीत जाऊन केला.

अशा वेळी भावी नगरसेवक बापूसाहेब धावून आले. गेली दहा वर्षं ते भावीच होते. त्यांनी 'पेठेतली खबर' वाचली होती. जावळाच्या दिवशी सकाळी त्यांचा टँकर दारात येणार. आधी कार्याच्या घरी, मग गल्लीला. बदल्यात काही नको. फक्त सोहेबच्या कॅमेऱ्यासमोर ताईंनी एक ग्लास हुंगायचा आणि वास नाही म्हणून सांगायचं. इंद्रायणीनं अट घातली, की वास असला तर असला म्हणूनच सांगीन. बापूसाहेब हसले. पाणी त्यांच्या स्वतःच्या मळ्यातल्या बोअरचं होतं. त्याला वास असेल, ही कल्पनाच त्यांना शिवली नाही.

जावळाच्या दिवशी टँकर आला. चारी बाजूंनी बापूसाहेबांचा फोटो, मध्ये पाणी. हुग्गी चुलीवर चढली. भावकी जमली, गल्ली जमली, रेवूला मामाच्या मांडीवर बसवलं. न्हावी म्हणाला, "कुंची काडा की."

"मी घेते," म्हणत प्रेमलाबाई झेपावल्या. पण इंद्रायणीचा हात आधी पोचला होता. कुंची तिच्याच हातात राहिली आणि तेवढ्यात बापूसाहेबांनी तिच्यापुढं ग्लास धरला.

"ताई, एक माता म्हणून सांगा. सगळं सोलापूर बघतंय."

सोहेबनं मोबाईल रोखला. इंद्रायणीनं ग्लास नाकाशी नेला. कुंचीचा हात ग्लासाखाली होता.

वास आला. तोच. कडवट, औषधी.

ती क्षणभर गोंधळली. नळाचं पाणी उजनी धरणाचं. हे बापूसाहेबांच्या मळ्यातलं. दोन्हींना एकच वास कसा? तिनं मान वर केली तर सगळी गल्ली श्वास रोखून तिच्याकडे बघत होती, एकट्या प्रेमलाबाई आभाळाकडे बघत होत्या. इतक्या एकाग्रतेनं, जणू तिथं त्यांचं काहीतरी राहिलंय. इंद्रायणीची बोटं कुंचीच्या अस्तरावरून फिरली. मानेपाशी, दुहेरी टाक्यांनी शिवलेली, सुपारीएवढी पुरचुंडी बोटांना लागली.

तिच्या डोळ्यांपुढून सगळं वाहत गेलं: स्वतःची टाकी, झीनतची टाकी, धनलक्ष्मीचा हौद, ग्लास रिचवून पोट चोळणारे साहेब. घरात प्रथमच तिच्या काळजीवर कुणी हसलं नव्हतं. खुद्द मुकुंद आज पाहुण्यांना अभिमानानं सांगत होता, की पहिल्यांदा आमच्या हिलाच कळलं.

"आई," ती गोड आवाजात म्हणाली, "एवढी कुंची धरा जरा."

प्रेमलाबाईंनी कुंची घेतली आणि तीन पावलं मागं सरकल्या. इंद्रायणीनं ग्लास पुन्हा नाकाशी नेला, डोळे मिटून लांब श्वास घेतला.

"नाही," ती म्हणाली. "आता वास नाही." यातला एकही शब्द खोटा नव्हता.

टाळ्या पडल्या. बापूसाहेबांनी तिला शाल-नारळ दिला, 'जागरूक माता' असं दोनदा म्हणाले आणि मग थोरल्यांचा आशीर्वाद घ्यावा म्हणून प्रेमलाबाईंच्या पायांशी वाकले. वाकले ते तसेच थांबले. त्यांचं नाक हललं.

"हितं कसला तरी..."

"उठा बापूसाहेब," प्रेमलाबाई कुंची पदराखाली सरकवत म्हणाल्या. "हुग्गी गार व्हायली. जेवून घ्या आधी."

पंगती उठल्यावर स्वयंपाकघरात दोघीच उरल्या. इंद्रायणीनं दार लोटलं.

"काय काय आहे त्यात?"

"वेखंड हाय. हिंग हाय. लसणाच्या दोन पाकळ्या." प्रेमलाबाई भांड्यांकडं बघत म्हणाल्या. "परवापासनं पोरगं शिंकलं का, ते सांग की."

इंद्रायणीनं आठवून पाहिलं. नव्हतं शिंकलं. हे तिला फारच लागलं.

"मला सांगायचं तरी होतंत, आई."

"सांगणारच हुते. पिंपावर वाकलीस तवाच. पण तू डाक्टर काढली असतीस. म्हटलं, जाऊ दे. मग तू टाकी वतलीस. टाकी वतल्यावर सांगायला तोंड कुटलं राहतंय?"

सांगायला इंद्रायणीचंही तोंड आता राहिलं नव्हतं. तिनं कुंची घेतली, कात्रीनं टाके उसवले, पुरचुंडी बाहेर काढली आणि फेकायच्या ऐवजी मसाल्याच्या डब्यामागं ठेवली. सर्दी अजून पुरती गेली नव्हती.

नमुन्यांमध्ये काही सापडलं नाही. पाणी सुरू झालं आणि कोपऱ्यावर बापूसाहेबांचा फलक लागला: 'वास हटवला, शब्द पाळला.' प्रकरण तिथं मिटायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दाराची कडी वाजली. झीनत वाटीभर दूध घेऊन उभी होती, तिच्या मागं धनलक्ष्मी इडलीच्या पिठाचं पातेलं घेऊन, आणि तिच्याही मागं कुणीतरी तेलाचा डबा.

"भाभी, जरा सूंघके बोलो ना. तुम बोले तो पक्का."

मुकुंद आतून कौतुकानं बघत होता. इंद्रायणीनं चेहरा गंभीर केला. कडेवरचा रेवू, पुन्हा टाके घातलेल्या कुंचीसकट, तिनं आधी सासूबाईंकडे दिला. प्रेमलाबाई काही न विचारता त्याला घेऊन थेट परसात गेल्या. त्या दाराआड होईपर्यंत ती थांबली आणि मगच तिनं वाटीला नाक लावलं.