खिडकीला आतून दुसरी काच

सकाळचा उजेड त्या खोलीत एकदम येत नसे. आधी तो समोरच्या इमारतीच्या कठड्यावर थोडा वेळ रेंगाळे, मग रस्ता ओलांडून दोन उंच खिडक्यांच्या तावदानांपाशी येई आणि तिथे आपली सगळी घाई बाहेर ठेवूनच आत पाऊल टाकी. ती काच शंभर वर्षांपूर्वीची होती. कुणा कारागिराने छातीतला श्वास ओतून ती फुगवली होती, आणि त्या श्वासाचे चार बारीक बुडबुडे अजून तिच्यात अडकून होते. कुठे ती जाड होती, कुठे पातळ; कुठे तिच्यात संथ पाण्यावरची एखादी लाट गोठून राहिली होती. उजेड तिच्यातून गाळून आला, की समोरच्या भिंतीवर थरथरती कडी उमटत, सावकाश खाली सरकत आणि टेबलावरच्या कागदांवर येऊन विसावत. मुद्रितशोधक रोज दहा मिनिटे ते पाहत बसे. त्या दहा मिनिटांत त्याला जगात दुरुस्त करण्याजोगे काहीच दिसत नसे. ज्याचे पोटच दुसऱ्यांच्या चुकांवर चालते, त्याच्या बाबतीत ही गोष्ट लहान नव्हे.

त्यानंतर त्याची बायको हस्तलिखित घेऊन शेजारी बसे आणि कामाला सुरुवात होई. पद्धत जुनी होती. तिने मूळ मजकूर विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायचा आणि त्याने छापील कागदावर पेन्सिल फिरवत तो ताडून पाहायचा. "तो उठला स्वल्पविराम खिडकीपाशी गेला स्वल्पविराम आणि ढसाढसा रडला पूर्णविराम," अशा थाटात त्या दोघांनी एकवीस वर्षांत शेकडो लग्ने लावली होती, तीन महायुद्धांएवढी माणसे मारली होती आणि मधुमेहावरची सहा पुस्तके पार पाडली होती. सवय इतकी मुरली होती, की भांडताना बायको "तुम्हाला माझी काही किंमतच नाही" म्हणे आणि नकळत पुढे "उद्गारचिन्ह" जोडी. तिथेच भांडण संपे.

गेल्या वर्षभरात मात्र या कामाला दृष्ट लागली होती. एका राजाच्या चरित्रातून नेमकी मरणाची ओळच गळाली आणि शिकारीहून हसत परतलेल्या राजाची पुढच्याच वाक्यात शोकसभा भरली. पाककृतींच्या पुस्तकातून मीठ गेले. छापखान्याचे मालक सज्जन होते, पण ते एवढे मात्र म्हणाले, "आणखी एक पुस्तक असं गेलं ना, तर माझा नाइलाज होईल. दुसरं माणूस बघावं लागेल." काम जाईल याची मुद्रितशोधकाला धास्ती होतीच, त्याहून मोठी धास्ती ही होती, की काम गेले तर ती शेजारची खुर्ची रिकामी होईल. वाचायला काही नसेल तर बायको सकाळी तिथे कशाला बसेल?

"चूक माझी नाही," तो म्हणाला. "ती रस्त्याची आहे. बसगाड्यांचा हा धडधडाट! तू वाचतेस ते माझ्यापर्यंत पोचायच्या आतच मोडून पडतं."

"मी ओरडून वाचते की हल्ली," बायको म्हणाली. "घसा पार फाटलाय."

"तेच सांगतोय मी. ओरडावं लागतं ते कुणामुळे? रस्त्यामुळे!"

"अहो, एकदा कान दाखवून या."

"कान रस्त्याला दाखवायचे की काय? बस कशी स्वच्छ ऐकू येते मला!"

हे खरे होते. बसची खर्जातली घरघर त्याला सगळ्यांच्या आधी ऐकू येई. त्यामुळे आपल्या कानांवरचा त्याचा विश्वास उलट वाढीस लागला होता.

जुन्या इमारतींच्या नियमाने त्या खिडक्या काढता येत नव्हत्या, आणि काढायच्या असत्या तरी त्याच्याने त्या काढवल्या नसत्या. तोडगा एकच होता: जुनी खिडकी आहे तशी ठेवायची आणि आतल्या बाजूने वीतभर अंतरावर दुसरी, जाड काच बसवायची. काचवाला आला तेव्हा खिडकीसमोर उभा राहून त्याने पहिल्यांदा डोक्यावरची टोपी काढली.

"साहेब, असली काच आता होत नाही," तो हलक्या आवाजात म्हणाला. "हिला हात लावायचं पाप माझ्याकडून होणार नाही. मी हिच्यामागं नुसता उभा राहीन, थोरल्या माणसामागं उभं राहतात तसा."

त्याने ओळंबा सोडून पाहिला. चौकट शंभर वर्षांत दोन बोटे कलली होती. चारही कोपऱ्यांपैकी एकही काटकोनात नव्हता. मापे घेण्यासाठी तो तीनदा आला. "आवाज म्हणजे पाणी, साहेब. केसाएवढी फट ठेवली, की अख्खा रस्ता आत," असे म्हणत त्याने प्रत्येक कोपऱ्याचा वेगळा कागदी साचा कापला, आणि एका रविवारी सकाळी, बसगाड्या अजून सुरू व्हायच्या होत्या तेव्हा, लाकडी चौकटी आणि घोंगड्यांत गुंडाळलेल्या दोन काचा घेऊन हजर झाला.

या काचवाल्याची एक शिस्त होती. काच बसवण्याआधी एकदा आणि बसवल्यानंतर एकदा, अशी तो दोनदा चाचणी घेई. पहिलीला तो "आधीचा कान" म्हणे आणि दुसरीला "नंतरचा कान". गिऱ्हाइकाला आत बसवायचे, आपण रस्त्यावर जाऊन शिट्टी फुंकायची, पत्र्याचा डबा बडवायचा, आणि किती ऐकू आले ते विचारायचे. आधीचे कळले नाही तर नंतरच्याला अर्थ काय, असा त्याचा साधा हिशेब होता. हे सगळे त्याने भिंतीत भोके पाडता पाडता मुद्रितशोधकाला नीट समजावून सांगितले, आणि मुद्रितशोधकाने मान हलवली. हल्ली तो पुष्कळ ठिकाणी मान हलवत असे. वयाबरोबर आपण नम्र होत चाललो आहोत, असे त्याचे त्यावर मत होते.

चौकटी बसल्या. काचा अजून खोलीबाहेरच्या बोळात, घोंगड्यांतच होत्या. धूळ जावी म्हणून जुन्या खिडक्याही सताड उघड्या होत्या. पुढे फक्त पडदा ओढला होता. काचवाल्याने खिडकीकडे पाठ करून एक खुर्ची मांडली.

"डोळे मिटून बसा, साहेब. डोळे कानांना फितूर असतात."

मुद्रितशोधकाने मान हलवली, तो बसला आणि त्याने डोळे मिटले.

आणि काय आश्चर्य! रस्ता नाहीसा झाला. कुणीतरी जगाच्या पानावरून सगळा मजकूर खोडून काढावा आणि नुसता शुभ्र कागद उरावा, तशी ती शांतता होती. तिला खोली होती. तिच्यात आपला श्वास एखाद्या थोर पाहुण्यासारखा येतो आणि जातो, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा जाणवले. माणसाने काच म्हणजे काय चीज घडवली! वाळू वितळवायची, ती थंड करायची, आणि तिच्या पलीकडे अख्खे शहर ठेवून द्यायचे! त्याचे डोळे भरून आले.

खाली काचवाला जिवाच्या आकांताने शिट्टी फुंकत होता. डब्यावर तर त्याने असा हात चालवला होता, की चार घरांची दारे उघडली. स्वयंपाकघरातून बायको कानांवर हात ठेवून बाहेर आली, आणि वरच्या मजल्यावरचे वकील अर्ध्या दाढीचा फेस गालावर घेऊन तरातरा जिना उतरले.

"काय चाललंय काय हे? रविवारी सकाळी—"

"श्श!" मुद्रितशोधकाने उठून त्यांचा हात धरला आणि त्यांना खुर्चीत बसवले. "वकीलसाहेब, एक अक्षर बोलू नका. नुसतं ऐका."

बाहेर शिट्टी किंचाळली.

"ही शिट्टी..." वकील म्हणाले.

"काय म्हणालात?"

"शिट्टी! शिट्टी!"

"कुठली शिट्टी?" मुद्रितशोधक प्रसन्नपणे म्हणाला. "काहीच नाही. हीच तर या काचेची करामत!"

वकिलांनी आजवर अनेक खोटे साक्षीदार पाहिले होते. पण चेहऱ्यावर इतके निर्मळ तेज असलेला एकही पाहिला नव्हता. समोरचा खोटे बोलत नाही हे उघड होते. मग उरले कोण? त्यांनी कानात बोट घालून हलवले. शिट्टी चालूच होती. त्यांचा अर्धा चेहरा फेसाने पांढरा होता. उरलेला अर्धाही हळूहळू तसा झाला.

"वहिनी," ते खालच्या आवाजात म्हणाले, "आमच्या वडिलांना शेवटी शेवटी असंच व्हायचं. कानात शिट्ट्या वाजायच्या."

"अहो वकीलसाहेब, शिट्टी वाजतेय—"

"वाजतेय ना? मला माहीत आहे, वाजतेय! म्हणून तर म्हणतो!"

बायको पुढे काही बोलणार, तोवर मुद्रितशोधकाने छापखान्याच्या मालकांना फोन लावला होता.

"मालक, ते मोठं काम द्या आता बिनधास्त! हो, तो शब्दकोश. इथं टाचणी पडली तरी ऐकू येईल... हो... हो हो... अगदी!"

फोनमधला मालकांचा आवाज बायकोला तीन पावलांवरून स्पष्ट ऐकू येत होता. तिने डोक्याला हात लावला.

"अहो, कशाला 'अगदी' म्हणालात?" फोन खाली ठेवल्यावर ती त्याच्या कानाशी ओरडली. "सातशे पानं, आठ दिवसांत! एक जरी चूक राहिली तर हे शेवटचं काम, असं म्हणाले ते!"

"ते सगळं जमेल," तो म्हणाला. "शांतता आहे आता."

एवढ्यात काचवाला जिना चढून वर आला. त्याचे गाल फुंकून फुंकून लाल झाले होते आणि डबा चेपला होता.

"बोला साहेब, किती ऐकू आलं?"

"शून्य!" मुद्रितशोधकाने त्याचे दोन्ही हात हातात घेतले. "मिस्त्री, तुम्ही माणूस नाही, जादूगार आहात!"

काचवाल्याने आधी त्याच्याकडे पाहिले, मग बोळाकडे, मग घोंगड्यांकडे. पंचवीस वर्षांत असे त्याच्याबाबत घडले नव्हते.

"साहेब," तो घुटमळत म्हणाला, "हा आधीचा कान होता."

"काय?"

"काचा अजून लावल्याच नाहीत!"

बायको खिडकीपाशी गेली. तिने पडदा बाजूला सारला आणि रिकाम्या चौकटीतून, मागच्या उघड्या खिडकीतून, आपला हात कोपरापर्यंत बाहेर काढून हलवला. रस्त्यावरच्या कुणीतरी ओळख समजून परत हात हलवला.

"म्हणजे माझे कान ठीक आहेत!" वकील आनंदाने उठले. "म्हणजे शिट्टी होती! म्हणजे मग, तुमचे..." बायकोने त्यांच्याकडे अशी नजर टाकली, की ते वाक्य पूर्णविरामाविनाच संपले. "फेस वाळतोय," असे म्हणून ते जिना चढून गेले.

मुद्रितशोधक त्या रिकाम्या चौकटीकडे बराच वेळ पाहत राहिला. मग तो घसा खाकरून म्हणाला, "चौकटीचा परिणाम आहे हा. नुसत्या चौकटीनं एवढं होत असेल, तर काच लागल्यावर काय होईल!"

काचवाल्याने बायकोकडे पाहिले, बायकोने जमिनीकडे. काचवाला भला माणूस होता.

"असेल साहेब," तो हळूच म्हणाला. "लाकूड चांगलं आहे."

आणि त्याने जुन्या खिडक्या लावून घेतल्या, घोंगड्या सोडल्या, काचा उचलून चौकटींत अलगद बसवल्या, कडेने रबरी पट्ट्या दाबल्या, कललेल्या कोपऱ्यांत आपले साचे भरले. तोवर रस्त्यावर बसगाड्या सुरू झाल्या होत्या. शेवटची पट्टी बसली, आणि ती घरघर खोलीबाहेर निघून गेली. "नंतरच्या कानाला" या वेळी काचवाल्याने बायकोला खुर्चीत बसवले. तो पुन्हा खाली गेला, गाल फुगवून शिट्टी फुंकू लागला, चेपलेला डबा बडवू लागला. काचेतून तो दिसत होता, ऐकू मात्र येत नव्हता. ती बसली होती, आणि तिचा हात नकळत छातीवर गेला.

"गेलं," ती पुटपुटली. मग आपल्याच आवाजाने चकित होऊन तिने पुन्हा म्हणून पाहिले, "अगं बाई, सगळं गेलं." किती महिन्यांनी ती कुणावर न ओरडता बोलली होती! घशातली सगळी खरखर जाऊन तिचा तो जुना, मऊ आवाज परत आला होता, आणि तो गमवायची तिची आता मुळीच तयारी नव्हती.

दुपारी छापखान्यातून शब्दकोशाचा पहिला गठ्ठा आला. दोघे टेबलाशी बसले. तिने हस्तलिखित उघडले आणि वाचायला सुरुवात केली, हळू, स्वस्थ, एकवीस वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी वाचले होते तसे. खाली रस्त्यावरून एक भली मोठी बस गेली. हौदातल्या माशासारखी, कुठलाही आवाज न करता. तिच्यामागून दुसरी गेली.

मुद्रितशोधकाची पेन्सिल पहिल्या शब्दावर उभी होती. शेजारी बायकोचे ओठ हलत होते. ते थांबले, पुन्हा हलले. तिने पान उलटले, तरी पेन्सिल पहिल्याच शब्दावर होती. त्याने खिडकीकडे पाहिले. कोपऱ्यात कुठे केसाएवढी तरी फट राहिली आहे का, म्हणून तो उठला आणि चारही पट्ट्यांवरून त्याने बोट फिरवले. फट नव्हती. काम चोख होते.

तो परत येऊन बसला. बायको वाचायची थांबली होती आणि त्याच्याकडे पाहत होती.

"जरा मोठ्यानं वाच," तो म्हणाला.

तिने खिडकीकडे बोट दाखवले.

त्याने मान हलवली. मग पेन्सिल खाली ठेवली.

"मला कमी ऐकू येतं," तो म्हणाला.