अनोळखी वाहतुकीचा बंदोबस्त

परभणीतल्या एका कचेरीच्या सर्व्हरवर पाळत ठेवावी, असा हुकूम वरून आला. सर्व्हरला पोर्ट असतात, म्हणजे नंबर घातलेली दारं. त्यातल्या चारशे त्रेचाळीस नंबरच्या दारातून लोकांचे ऑनलाइन अर्ज येत. तिथून कोण ये-जा करतं ते बघून रोज अहवाल द्यायचा, हे काम कंत्राटी ऑपरेटर विरेशच्या गळ्यात पडलं. बिचारा पेडगावचा. कंत्राट महिनाअखेरीस संपणार, घरी बायकोला, अनुपमाला दिवस गेलेले. तेव्हा कचेरीचे दिनकरराव साहेब म्हणतील ती पूर्व दिशा.

साहेबांनी चष्मा पुसून पहिला अहवाल वाचला. वालूर, चुडावा, कुठकुठल्या गावांहून दारावर दिवसभर झुंबड चालली होती.

"ह्यातले वळखीचे किती?" साहेबांनी विचारलं.

"सायेब, सगळे अर्जदारच हायती."

"मी अर्जदार इचारलेच न्हाईत. वळखीचे इचारलो."

तसं बघितलं तर साहेबांचं काय चुकलं? त्या कचेरीत 'कुणाकडून आलात?' असं विचारल्याशिवाय कुणाला खुर्ची दाखवायची रीतच नव्हती. हे मशीन मात्र कुणालाही थेट आत घ्यायचं. म्हणजे बेशिस्तच की! लगोलग फर्मान निघालं: ओळखीची वाहतूक सोडावी, उर्वरित वाहतूक संशयित समजून दारातच रोखावी.

विरेशनं तसा बंदोबस्त केला. ज्याच्यासाठी साहेबांना कुणाचा तरी फोन येईल, त्याच्या इंटरनेटचा पत्ता तेवढा आत सोडायचा. पहिला मान कापड दुकानदार भगवानरावांना मिळाला, मग साहेबांच्या साडूला. बाकीच्यांच्या स्क्रीनवर लाल अक्षरांत 'आपण संशयित आहात' असं येऊ लागलं. काहींनी घाबरून घरच्या देवाला नारळ फोडला म्हणे.

आठवड्याभरात संशयित वाहतूक बंद पडली. अर्जही बंद पडले. तक्रार एकही आली नाही, कारण तक्रारही त्याच दारानं करायची होती. एवढी निर्मळ कचेरी बघून वरचे भारावले आणि त्यांनी साहेबांना शाल घातली. फोटोत विरेशचा कोपर आला. अनुपमानं तो फोटो जावांना दाखवला आणि विरेशला लय बरं वाटलं.

मग स्वतःच्या कंत्राटाची वेळ आली. मुदतवाढीचा अर्ज ऑनलाइनच, आणि कचेरीच्या वेळेत खाजगी काम करायला मनाई असल्यानं तो घरूनच भरायचा. विरेशनं पेडगावात बसून अर्ज भरला. स्क्रीनवर आलं, 'आपण संशयित आहात.' ते वाक्य त्यानंच टाइप केलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो हात जोडून साहेबांपुढं उभा राहिला. साहेबांनी त्याला प्रेमानं समजावलं, "तुला वळखतो की रे मी. तुझ्या घरच्या पत्त्याला कुठं वळखतो? अन पहारेकऱ्यानंच आपलं दार उघडून घेतलं तर लोक काय म्हणतील?"

"मग मी काय करू, सायेब?"

"कुणाचा तरी फोन आण."

विरेशनं भगवानरावांच्या दुकानात जाऊन नको असताना दोन साड्या घेतल्या, तेव्हा फोन गेला. पत्ता आत सुटला, अर्ज पोचला, कंत्राट वाढलं. त्या दिवशी जेवताना त्याला घास गोड लागला. दार सगळ्यांना उघडावं असं त्याच्या मनात आलं होतं खरं, पण ताक पिताना ते विसरला.

विरेशचा पत्ता आत गेल्याची बातमी फुटायला कितीसा वेळ लागतो? चुडाव्याहून रेल्वेनं माणसं आली, वालूरहून जीप भरून आली आणि कचेरीपुढं ही रांग लागली. आता मोर्चा निघतो की काय, म्हणून साहेब मागच्या खोलीत जाऊन बसले. उगीच भ्याले. रांगेतल्या एकानंही दार उघडा म्हणून आवाज काढला नाही. जो तो पुढं येऊन विरेशच्या कानाशी लागायचा, "आमचा तेवढा पत्ता घाला आत. मागच्याला सांगू नका."

हसताय? हसा. पण वाचता वाचता भगवानरावांचं दुकान नेमकं कुठं, हे तुमच्या मनात येऊन गेलंच की!