माळ्यावरचा माणूस

पाळणाघराच्या वहीत आईने रोज सकाळी चार रकाने भरून द्यायचे असत: काय खाल्लं, किती झोपली, शी झाली का आणि विशेष सूचना. त्या दिवशी पहिले तीन रकाने ठीकठाक होते. चौथ्यात लिहिलं होतं, 'तो अजून माळ्यावरच आहे. आज तिसरा दिवस. नवऱ्याला पत्ता नाही. भुकेने कण्हायला लागला की मी मिक्सर लावते.' आणि पुढची तीन पानं भरून असंच.

पाळणाघराच्या बाईंनी ते वाचलं आणि हातातलं केळं अर्धवट सोललेलंच राहिलं.

दोन वर्षांपूर्वी एका संपादकांनी या आईची कथा परत पाठवली होती. सोबत एकच ओळ: 'भाषा बरी आहे, पण एकही पात्र खरं वाटत नाही.' ती ओळ अशी वर्मी लागली की तिने लिहिणंच सोडलं. जुने कागद रद्दीत दिले, असं नवऱ्याला सांगून मोकळी झाली. मग मुलगी झाली आणि न लिहायला चांगलं कारणही मिळालं. पण आज सकाळी मुलगी दूध पिऊन तिच्या डाव्या हातावर पुन्हा झोपली. हलायची सोय नाही. उजव्या हाताने ती वही भरत होती, विशेष सूचनेपाशी पेन थबकलं आणि तो माणूस न बोलावता माळ्यावर येऊन बसला. वीस मिनिटांनी मुलगी जागी झाली, एकच धांदल उडाली, आणि वही पिशवीत गेली.

ऑफिसात आई दोन वर्षांत पहिल्यांदाच गुणगुणत होती. तिकडे बाईंनी तिच्या नवऱ्याला फोन लावला.

"तुमच्या माळ्यावर कोण आहे?"

"कोण म्हणजे? जुना पंखा आहे. का हो?"

"कण्हतो का?"

"चालू होता तेव्हा कण्हायचा."

"थट्टा सुचतेय तुम्हाला! आधी बसून घ्या. वाचून दाखवते."

नवरा बसला. ऐकता ऐकता त्याला आठवलं की मिक्सर हल्ली खरंच फार चालतो. मुलीच्या खाण्यासाठी, असं आपण समजत होतो! तो ताडकन उठला.

अर्ध्या तासात शेजारच्या काकूंचा फोन आला म्हणून आई धावतपळत घरी पोचली. दार सताड उघडं. आतल्या खोलीत शिडी. शिडी धरून शेजारचे काका, त्यांच्यामागे लाटणं उगारून काकू, त्यांच्यामागे कडेवर मुलगी घेतलेल्या बाई. शिडीच्या टोकाला नवऱ्याचे नुसते पाय दिसत होते.

"बाहेर ये!" माळ्यातून नवऱ्याचा आवाज आला. "मी काही करणार नाही!" आणि एक दणदणीत शिंक.

"अहो, काय चाललंय?" आई किंचाळली.

बाईंनी वही पुढे केली. आईने पान पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं बाई! ती कथा आहे हो!"

काकूंचं लाटणं हळूच खाली आलं.

नवरा उतरला तो जळमटांनी माखून. हातात एक खोकं होतं. "हे पंख्यामागे सापडलं," तो म्हणाला. "रद्दीत दिले होतेस ना तू?"

खोक्यात तिच्या जुन्या कथांचे कागद होते. वरच संपादकांचं पत्र होतं. बाईंनी ते उचललं, वाचलं आणि त्यांचा पारा चढला.

"खरं वाटत नाही? कोण म्हणतो? माझ्या पायांतलं त्राण गेलं वाचून! चौदा पोरं बहिणीच्या गळ्यात टाकून धावत आले मी!"

"मी तर ऑफिसात सांगून आलो, घरात माणूस सापडलाय," नवरा खोक्याकडे बघत पुटपुटला. मग एकदम म्हणाला, "पण तो आहे तरी कोण?"

"मलाही अजून माहीत नाही."

"तीन दिवस माणूस आपल्या माळ्यावर, आणि कोण ते तुला माहीत नाही?"

"सकाळीच तर आला," आई म्हणाली, आणि तिला हसूच फुटलं. मुलगीही हसली. काका मात्र शिडी नेता नेता पुन्हा एकदा वर डोकावले.

दुसऱ्या दिवशी आईने वही नीट भरली. विशेष सूचना: काही नाही. झाल्या प्रकाराची लाज इतकी वाटत होती, की पुन्हा लिहायचं म्हणजे नकोच.

संध्याकाळी वही परत आली. खाली बाईंचं ठसठशीत अक्षर होतं: 'केळं अर्धं खाल्लं. दीड तास झोपली. जादा चड्डी पाठवावी. काल त्याला पाणी दिलंत की नाही? पुढचं पान पाठवावं. चड्डी राहिली तरी चालेल.'

मुलगी डाव्या हातावर पेंगत होती. आईने उजव्या हाताने पेन उघडलं. तो बिचारा कालपासून तहानलेला होता.