काकासाहेबांच्या बांधावरची रानचिमणी

रविवारी उजाडता उजाडता काकासाहेब खांद्यावर फावडं टाकून पिशोरच्या शिवारातल्या आपल्या वावरात पोचले, तर बांधावरच्या बाभळीखाली एक माणूस पालथा पडलेला. अंगात मातकट शर्ट, डोक्याला तसलीच टोपी आणि पुढ्यात किटलीएवढं भिंग लावलेला कॅमेरा. कॅमेरा सरळ बांधावर रोखलेला होता. काकासाहेबांनी फावडं हळूच कडब्याच्या गंजीमागे सारलं आणि मग खाकरले.

"कोन पावनं?"

"मी संघपाल. चिकलठाण्याला कंपनीत आहे," तो पडल्या पडल्याच कुजबुजला. "चिमण्यांचे फोटो काढतोय."

"चिकलठान्यातल्या चिमण्या सपल्या व्हय?"

"ही वेगळी, काका. रानचिमणी. नराच्या गळ्यावर पिवळा ठिपका असतो."

समोर एक तपकिरी चिमणी येऊन बसली.

"हीच का?"

"नाही, ही साधी."

तिच्याशेजारी दुसरी बसली. दोघी जुळ्या म्हणून खपल्या असत्या.

"आन् ही?"

"ही रानचिमणीची मादी असावी. मादीचा ठिपका फिका असतो, पक्कं सांगता येत नाही."

आपण कशाचा फोटो काढतोय हेच ज्याला पक्कं सांगता येत नाही, तो त्याचा फोटो काढतच नसणार, एवढं काकासाहेबांना कळत होतं. त्यात संघपालनं विचारलं, "काका, पहाटे या बांधावर कुणी येतं का हो?"

काकासाहेबांनी कडब्याच्या गंजीकडं बघायचं टाळलं.

"आपल्याला न्हाय बा म्हाईत," ते म्हणाले आणि फावडं तिथंच सोडून घरी परतले.

पहाटे तिथं कोण येतं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पलीकडचं वावर चुलतभाऊ कडुबाचं. मधल्या बांधावरून आजोबांच्या काळी बैलगाडी जायची. दर साली नांगरटीच्या आधी काकासाहेब आपल्या अंगानं वीतभर बांध कोरत. वीतच, हावरटपणा त्यांना आवडत नसे. तरी बांध मात्र दोन विती घटायचा. त्याचं खापर ते पावसावर फोडत. आता गंमत अशी, की आसपासच्या वस्त्यांवर बांधाची भांडणं मिटवायला लोक काकासाहेबांनाच मध्ये बसवत आणि "भावाच्या मातीला हात लावू नका रे" असं ते डोळ्यांत पाणी आणून सांगत. हा माणूस कडुबानं आणला असेल आणि फोटो गावभर फिरले, तर कुठल्या तोंडानं पुन्हा चार लोकांत बसायचं?

त्यांनी बायकोला, सरूबाईला, चहा घेऊन बाभळीखाली पाठवलं. ती हसत परत आली.

"अवो, चिमनी एवढीशीक न् बांधच लई! येक येक ढेकूळ दिसतंय त्या कॅमेऱ्यात."

झालं. काकासाहेबांना जेवण गेलं नाही. संध्याकाळी पारावर कडुबाच जवळ सरकला.

"दादा, त्यो कॅमेरावाला तुमचा पावना हाय का?"

"माजा कशाला? तुजाच आसंल."

"माजा न्हाय बा."

दोघंही हसले. विश्वास दोघांपैकी एकाचाही बसला नाही.

सोमवारी भर दुपारी, शिवारात चिटपाखरू नसताना, काकासाहेबांनी घमेल्यानं बांधावर माती टाकायला सुरुवात केली. कोरताना कधी एवढा घाम आला नव्हता. बुधवारी बघतात तर बांध त्यांनी टाकल्याच्या दुप्पट फुगलेला.

"माज्या हातालाच बरकत हाय," त्यांनी सरूबाईला सांगितलं.

"मंग पिठाच्या डब्याला बी लावा त्यो हात," ती म्हणाली आणि भाकरी थापू लागली.

पुढच्या रविवारी संघपाल पुन्हा हजर. त्याच्याही अब्रूचा प्रश्न होता. पक्षीमित्रांच्या ग्रुपवर त्यानं एकदा साध्या चिमणीलाच रानचिमणी म्हटलं होतं आणि तेव्हापासून शाइस्ता मॅडम त्याच्या प्रत्येक फोटोखाली 'ठिपका कुठे?' एवढंच लिहीत. काकासाहेब आपल्या वावरात उगाच धसकटं वेचत होते, पलीकडं कडुबाही वेचत होता. दोघांची नजर कॅमेऱ्यावर.

एवढ्यात एक चिमणी बांधावरच्या भुसभुशीत मातीत उतरली, पंख पसरून मनसोक्त लोळली, मान वर केली, आणि गळ्यावर हळदीचं बोट लावल्यासारखा ठिपका लख्ख दिसला.

"मिळाला!" संघपाल ओरडला. दोघे भाऊ दोन्हीकडून धावत आले आणि कॅमेऱ्यावर वाकले. चिमणीकडं कुणी बघितलंच नाही.

"हिच्या मागं कोन दिसतंय का?" काकासाहेबांनी विचारलं.

"मागचं सगळं धूसर येतं, काका."

"झ्याक!" दोघे एकदम म्हणाले. "लई झ्याक फोटो!"

"ही मऊ माती कुणी टाकली हो? मातीत अंघोळ करायलाच आली ती."

कडुबानं आभाळाकडं बघितलं.

"वाऱ्यानं," कडुबा म्हणाला.

"व्हय, औंदा वारं लई हाय," काकासाहेबांनी घाईघाईनं दुजोरा दिला.

संघपालनं दोघांचे हात हातात घेतले. "झालं माझं काम. आता नाही येणार." तो गाडीवर बसून दिसेनासा होईपर्यंत दोघे प्रेमानं हात हलवत राहिले.

सोमवारी पहाटे काकासाहेब फावडं घेऊन हलक्या मनानं बांधावर आले. समोरून कुणीतरी येत होतं. त्याच्याही खांद्यावर फावडं होतं. इतक्या वर्षांचा पाऊस कुठं पडत होता आणि हाताला बरकत कुठून आली, हे काकासाहेबांना उभ्या उभ्या कळलं. कडुबालाही कळलं असावं, कारण त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"चिमनी बघाया आलतो," काकासाहेब म्हणाले.

"मी बी."

दोघांनी फावडी खाली ठेवली आणि बांधावर बसले. चिमण्या आल्या, लोळल्या, उडून गेल्या. ऊन चढलं तरी दोघेही उठेनात. आधी उठायचं म्हणजे दुसऱ्याला बांधावर एकटं सोडायचं.

तेव्हापासून दोघे रोज पहाटे तिथं बसतात. रानचिमणीचा नर कोणता आणि मादी कोणती, हे काकासाहेबांना आता लांबूनच ओळखू येतं. कडुबालाही येतं.