गाडीचं नाक मोकळं झालं

मुंबईहून आलेलं खोकं अमरसिंहानं गोठ्याच्या कट्ट्यावर फोडलं, तेव्हा बयाबाई धार काढत होत्या. खोक्यातून लाल जाळीचा एक सुळका निघाला. तांब्याएवढा, बुडाला तोंड असलेला. बयाबाईंनी चरवीवरून नजर न हलवता विचारलं, "दुधाची गाळणी आणलीस व्हय रं? बरं झालं. जुनीचं बूड गेलंय."

"आये, गाडीचा एअर फिल्टर हाय त्यो. फॉरेनचा."

"मग गाडीला दाव की. मला कशाला दावतुयास?"

गाडी म्हणजे दारातली ती लाल, ठेंगणी, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार. गोव्याच्या एका हौशी माणसाकडून अमरसिंहानं ती चैत्रात आणली होती. कसबा बावड्याच्या त्या गल्लीत, म्हशींच्या कळपात, ती सांडलेल्या मिरचीसारखी दिसे. तिच्यात दुधाची किटली ठेवायला मांडीखेरीज जागा नव्हती, आणि एवढ्या एका कारणानं गणपतरावांनी, म्हणजे अमरसिंहाच्या वडिलांनी, तिला अजून गाडी म्हणून मान्यता दिली नव्हती. ते तिला 'ते लाल' म्हणत.

"ह्येनं काय हुतंय?" गणपतरावांनी सुळका हातात घेत विचारलं.

"आबा, इंजिन म्हंजे पैलवान. त्येच्या नाकावर टावेल बांधून कुस्तीला सोडला तर दम लागंल का न्हाय? कंपनीनं बसवल्याली फिल्टरची पेटी म्हंजे त्यो टावेल. ह्यो बसवला की नाक मोकळं. हवा भसाभसा आत, गाडी सुसाट!"

गणपतरावांनी सुळका उलटसुलट केला. नाकाला लावून एक श्वास घेतला.

"आमच्या तालमीत नाकानं मोठा झाल्याला पैलवान मी बघितला न्हाय," ते म्हणाले. "दुधानं झाल्यात. ऐक. दिवाळीच्या पाडव्यापत्तोर दाव मला. ह्ये लावून आदीपेक्षा जोरात पळाली, तर ऱ्हाऊ दे दारात. न्हाय पळाली, तर कबनूरचं पावणं कवाधरनं मागाय लागल्यात. त्येंच्या पदरात घालतो, नि तिच्या जाग्याला म्हस बांधतो."

अमरसिंहानं सुळका बापाच्या हातातून काढून घेतला. बाप शब्दाचा पक्का होता, आणि म्हशीच्या बाबतीत तर जास्तच.

खरं तर गणपतरावांच्या काळजातही एक काटा होता. पाडव्याला बावड्यात म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, कवड्यांच्या माळा घालायच्या, मालकानं सायलेन्सरची पुंगळी काढलेली मोटारसायकल फडफडवत पुढं सुटायचं, नि म्हशीनं त्या आवाजामागं धावायचं. गणपतरावांची गजरा रूपात सगळ्यांना भारी. पण मोटारसायकल पुढं निघाली की ती उभी राही आणि मालक कुठं चालला आहे ते शांतपणे पाही. गेल्या पाडव्याला तर ती भर रस्त्यात बसली. गणपतराव एकटेच शेवटच्या खुणेपर्यंत जाऊन आले. त्या दिवसापासून ते तालमीच्या कट्ट्यावर कडेला बसत.

बयाबाईंना मात्र त्याचं काही वाटत नसे. धार काढताना त्या गजराच्या पोटाला डोकं टेकवून म्हणत:

काळी माझी गं गजरा, शिंगं आभाळाची कोर
आवडती हाक येता, लागतो का तिला जोर?

आणि गजरा पान्हा सोडी.

फिल्टर बसला. गाडी सुरू झाली आणि गल्लीतल्या पत्र्यांवरची कबुतरं उडाली. "नाद खुळा!" अमरसिंह म्हणाला. त्यानं बालमित्र प्रसेनजीतला बोलावलं. प्रसेनजीत तंत्रनिकेतनात मुलांना इंजिन शिकवी. त्याच्याकडं थांबवायचं घड्याळ होतं, आणि खरं बोलायची वाईट खोड होती. साखर कारखान्याच्या फाट्यापासून नदीच्या पुलापर्यंत गाडी एकदा जुनी पेटी लावून पळवली, एकदा सुळका लावून. दुसऱ्या खेपेला प्रसेनजीत घड्याळाकडं जरा जास्तच वेळ बघत राहिला.

"काय झालं?"

"आदीपेक्षा हळू आलास."

"हळू? आवाज ऐकलास का पण तू?"

"ऐकला की. आवाज टायमात आला. गाडी मागनं आली."

मग त्यानं बॉनेट उघडून समजावलं. जुनी पेटी बाहेरून गार हवा घेत होती. हा सुळका इंजिनाच्या बोकांडी बसून गरम हवा ओढतो. गरम हवा पातळ, म्हणून ताकद कमी. आणि पेटीतला फिल्टर स्वच्छ असेल तर मुळात नाक चोंदलेलं नव्हतंच.

"म्हंजे ह्येला गार हवा पायजे," अमरसिंहानं त्यातलं सोयीचं तेवढं उचललं.

गार हवा आणायला नळी हवी. गोबर गॅस बसवताना उरलेला, हातभर लांबीचा, वाकडा एक पाइप गोठ्यामागं पडून होता. अमरसिंहानं तो सुळक्याला जोडून बॉनेटच्या फटीतून पुढं काढला. गाडी आता सोंड उचललेल्या हत्तीच्या पिलासारखी दिसू लागली. मोजलं, वेळ जुन्या पेटीइतकाच भरला. मग वजन कमी करायचं ठरलं. स्टेपनी गेली, जॅक गेला, पायपुसणी गेली. तरी घड्याळ हलेना. तेव्हा त्यानं स्वतःची न्याहारी सोडली.

"गाडी पळंना, नि पोरगं वाळाय लागलंय," बयाबाई म्हणाल्या.

पाइपानं एक मात्र केलं. आधीची गुरगुर जाऊन आता गाडीच्या पोटातून एक लांब, ओला, घोगरा सूर निघू लागला. हुंऽऽऽ. सकाळच्या धुक्यात तो ऐकला की कारखान्याच्या भोंग्याला सर्दी झाली असं वाटे.

वसुबारसेला गणपतरावांनी निकाल लावायचं ठरवलं. ते आणि प्रसेनजीत सकाळीच पुलाजवळ जाऊन उभे राहिले. पाइप बसवल्यापासून अमरसिंह गाडी ढकलत गल्लीबाहेर नेऊन सुरू करी; आज त्यानं ती दारातच सुरू केली. गोठ्यात त्याच वेळी बयाबाई गजराला कुंकू लावत होत्या. पूजा खरी वासरासकट करायची. पण गजराचं रेडकू परसाल गेलं होतं, म्हणून त्यांनी तिच्या शेजारी नुसतीच एक मूठ हिरवा चारा ठेवला होता.

दारात हुंऽऽऽ झालं.

गजरानं मान वर केली. कान पुढं आले. पुढच्या क्षणी ताट एकीकडं, बयाबाई दुसरीकडं, आणि गजरा खुंट्यासकट रस्त्यावर.

फाट्याजवळ अमरसिंहानं आरशात पाहिलं. आधी काळा ठिपका दिसला, मग झेंडूची माळ, मग शिंगं. म्हैस बिथरून अंगावर येते आहे असं वाटून त्यानं पाय दाबला. पाय दाबला की आवाज वाढे, आणि आवाज वाढला की गजरा वाढे. त्यानं आणखी दाबला. गाडीनं म्हशीला बरंच मागं टाकलं असतं. पण नव्या हंगामाचा पहिला ऊस भरून एक ट्रॅक्टर अगदी आरामात पुढं चालला होता, आणि समोरून एसटी येत होती. अमरसिंह ट्रॅक्टरमागं अडकला. गजरा त्याच्या शेजारी आली. तिथून पुढं दोघी जोडीनं गेल्या.

पुलाजवळ गणपतरावांनी ट्रॅक्टर पाहिला. मग त्याच्या मागं लाल गाडी पाहिली, आणि तिला खेटून झेंडूची माळ घातलेली आपली म्हैस.

"बरोबरीत," प्रसेनजीतनं घड्याळ थांबवलं.

अमरसिंह खाली उतरला. उभ्या जागी सुरू असलेली गाडी मंद हुंकारत होती, आणि गजरा त्या पाइपाचं तोंड जिभेनं चाटत होती. आधी एका कडेनं, मग दुसऱ्या. जन्मलेलं पिलू चाटून कोरडं करावं तसं.

"आबा, ट्रॅक्टर आडवा आला वो..."

"गप." गणपतरावांनी गजराच्या छातीला हात लावला. बराच वेळ लावून ठेवला. "धापली न्हाय," ते स्वतःशीच म्हणाले. मग पोराकडं वळले. "घरला चल. सावकाश. तिला संगं घिऊन."

घरी बयाबाईंनी ऐकलं आणि पदर डोळ्याला लावला. "तिचं रेडकू असंच घुमायचं, वो. तुमास्नी सांगत हुतो, हाक आवडाय पायजे म्हणून."

"ती हाक हाय, का गोबर गॅसचा वास हाय, ते बघाय पायजे," प्रसेनजीत म्हणाला. बयाबाई गजराला चारा घालायला गेल्या.

पाडव्याला मोटारसायकलींच्या रांगेत लाल गाडी उभी राहिली. "गणपतराव, मोटारसायकलच लागती. रीत हाय," एक जण ओरडला.

"दोन चाकं जादाच आणल्यात. कमी तर न्हाईत?" गणपतराव आतून म्हणाले. ते अमरसिंहाच्या शेजारी मांडी घालून बसले होते. रीतीत चाकांची गोष्ट कुणालाच सापडेना, म्हणून सोडलं. हुंऽऽऽ झालं. गजरा निघाली ती अशी, की बाकीच्या म्हशींना तिची रंगवलेली शिंगं मागूनच बघावी लागली. संध्याकाळी गणपतराव तालमीच्या कट्ट्यावर मधोमध बसले.

दुसऱ्या दिवशी कबनूरचे पाहुणे आले. दूध पिऊन झालं. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, पाइप पाहिला, सुळका पाहिला.

"ह्ये बसवल्यानं गाडी खरंच जोरात पळती काय वो?"

अमरसिंहानं प्रसेनजीतकडं पाहिलं. प्रसेनजीतनं जमिनीकडं पाहिलं. गणपतरावांनी मिशी पुसली.

"गाडीचं काय आम्हास्नी नक्की सांगता यीत न्हाय, पावणं," ते म्हणाले. "म्हस पळती."

पाहुणे हसले. दुसरं कुणी हसलं नाही, तेव्हा तेही थांबले. "मग व्यवहाराचं कसं?"

"पोराची गाडी असती तर दिलती तुमास्नी. पर आता ती गजराची हाय. तिला इचारा."

गजरा रवंथ करत होती.

तेव्हापासून रोज सकाळी ती लाल गाडी बावड्यातून नदीकडं निघते. अमरसिंह चालवतो. शेजारी गणपतराव मांडीवर दुधाची किटली घेऊन बसतात. मागं गजरा असते. परदेशी सुळका गार हवा भसाभसा ओढतो, आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये चालते. कॉलेजला जाणारी पोरं सायकलवरून तिच्या पुढं निघून जातात.

कधी रस्ता मोकळा दिसला, की अमरसिंहाचा हात आपोआप गिअरकडं जातो. गणपतराव आरशात बघत तो हात धरतात.

"हळू," ते म्हणतात. "पैलवानाला दम खाऊ दे."