ओरडू न देणारा डॉक्टर

मुकादम नावाचा कुत्रा पुढच्या डाव्या पायाने लंगडत असल्याचे रविवारी सकाळी, चहाच्या वेळी, कुटुंबाच्या निदर्शनास आले. कुटुंब चार माणसांचे: बाबा, आई, कॉलेजात जाणारी लेक आणि बाबांची थोरली बहीण, जिला घरच काय, सगळी गल्ली आत्या म्हणे. स्वतः इकडची काडी तिकडे न करता दुसऱ्याच्या कामावर गुरगुरत बसायचे, या गुणावर मुकादमला ते नाव मिळाले होते. असा कर्तबगार जीव लंगडतो म्हटल्यावर घर हळहळले.

गल्लीच्या टोकाला जनावरांचे एक डॉक्टर होते. कपाळावर आठ्या, बोटांवर औषधाचे पिवळे डाग, बाकाचे रेक्झिन फाटलेले. ‘या, बसा’ म्हणण्याआधीच त्यांनी दुखरा पंजा धरला आणि बोटांच्या बेचक्यात दाबले. मुकादम असा केकाटला, की समोरच्या दुकानदाराने दचकून तराजूवरचा अंगठा उचलला.

“काच शिरलीये आत,” डॉक्टर म्हणाले. “आणि ही नखं? कापायची असतात, ठाऊक आहे ना? धरा घट्ट, आत्ता काढतो.”

“अहो, दुखतंय त्याला!” लेक ओरडली.

“दुखतंय म्हणूनच आणलाय ना?”

“चल रे राजा,” आईने मुकादमला उचलले. “ही काय माणसाशी बोलायची रीत झाली?”

“अगं, काच तरी काढू दे!” आत्या म्हणाली, पण तोवर घर रस्त्यावर आले होते.

त्याच दुपारी जेवणाच्या टेबलावर बैठक होऊन चांगल्या डॉक्टरची व्याख्या निश्चित करण्यात आली. ज्याच्या हाताखाली कुत्रा ओरडत नाही, तो चांगला. विरोधात आत्याचे एक मत पडले. मुकादम टेबलाखाली पंजा चाटण्यात मग्न असल्याने त्याला तटस्थ धरण्यात आले.

व्याख्येत बसणारा डॉक्टर मोठ्या रस्त्यावर सापडला. काचेचे दार, मऊ सोफा, भिंतीतून मंद झुळझुळणारे पाणी. डॉक्टर मुकादमपुढे गुडघे टेकून बसले आणि आईकडे बघून म्हणाले, “आई, तुमच्या नजरेतच कळतंय हो, हे लेकरू किती मायेत वाढलंय.”

आईचे डोळे भरून आले.

“आणि बाबा, तुमचा त्याग तर दिसतच नाही कुणाला.”

मुकादमला आजवर एकदाही आंघोळ न घातलेल्या बाबांनी नम्रपणे मान लववून तो त्याग मान्य केला.

“पाय बघताय ना?” आत्याने विचारले.

“आत्या, सरळ हात घालणं ही जुनी पद्धत झाली. आधी विश्वाससंपादनाचा टप्पा. मग परस्परसंमती. उपचार अगदी शेवटी, आणि तोही गरज वाटली तरच.”

मुकादमने आपण होऊन पंजा पुढे केला. संमती मिळाली! डॉक्टरांनी त्याच्या उजव्या पायाला आकाशी रंगाची पट्टी बांधली, तिच्यावर छोटेसे बदाम काढले आणि कपाळाला कपाळ टेकवले. लेकीने फोटो काढला. मुकादम हूं की चूं न करता बसून होता.

“बघितलंस, ताई?” बाबा विजयी स्वरात म्हणाले. “एक शब्द नाही!”

फोटो व्याख्येसकट गावभर फिरला. श्वानपालक मंडळाने या घरातली व्याख्या एकमताने उचलली, मंडळाकडून ती पशुकल्याण खात्याकडे गेली, आणि खात्याने तिला कायद्याचे कपडे चढवले. प्रत्येक दवाखान्यात भिंतीवर एक यंत्र बसले. प्राण्याचा आवाज झाला की यंत्रात तांबडा दिवा लागे आणि डॉक्टरचा दर्जा एका पायरीने घसरे.

डॉक्टर मंडळी शिकलेली होती. त्यांना हिशेब चटकन कळला. इंजेक्शनाने प्राणी ओरडतो, म्हणून इंजेक्शने बंद झाली. तपासण्याने कण्हतो, म्हणून तपासणे बंद झाले. तरी काही हटवादी प्राणी नुसते आजारी असल्याच्या बळावर विव्हळत. शेवटी मोठ्या रस्त्यावरच्या दारावर सुंदर अक्षरांत पाटी लागली: ‘आजारी प्राण्यांमुळे शांततेचा भंग होतो. कृपया बरे वाटल्यावर यावे.’

इकडे मुकादमने गुरगुरणे सोडले होते. मग खाणे सोडले. पंजा सुजून टम्म झाला, अंग तापले.

“किती समजूतदार झालाय ना?” आई म्हणाली. “आधी दाराशी कुणी आलं की काय थयथयाट असायचा!”

“समजूतदार कसला, डोंबलाचा!” आत्या कडाडली. “ डोळे बघ त्याचे. जातोय हातचा!”

आईने डोळे बघितले आणि मग मात्र तिच्या तोंडचे पाणी पळाले. मोठ्या रस्त्यावर फोन केला, तर डॉक्टर कोमल आवाजात म्हणाले, “आई, हा शांततेचा टप्पा आहे. फार थोड्यांना लाभतो.”

आत्याने पुढे ऐकलेच नाही. मुकादमला चादरीत गुंडाळून तिने थेट गल्लीचे टोक गाठले. मागून बाकीचे घर धावले.

बाकाचे रेक्झिन नवे होते. भिंतीवर यंत्र होते. कपाळावरच्या आठ्या गायब होत्या. डॉक्टर दोन्ही हात खिशात घालून उठले आणि म्हणाले, “या, या! काय प्रेमळ घर आहे हो तुमचं!”

“तुम्हीसुद्धा?” आत्याने मुकादमला बाकावर ठेवले. “अहो, तुमच्या हातात गुण आहे म्हणून आले मी.”

डॉक्टरांनी हनुवटीने यंत्राकडे खूण केली. “आत्या, हात आहेत हो. पण दर्जा शेवटच्या पायरीवर आलाय. अजून एक दिवा लागला, की दवाखान्याला टाळं. कंपाउंडरचंही पोट आहे यावर.”

मुकादमने त्यांचा खिसा हुंगला आणि मान बाकावर टेकवली.

आत्याने यंत्राकडे बघितले, मुकादमकडे बघितले आणि पदर खोचला. “हे यंत्र कुणाचा आवाज टिपतं?”

“प्राण्याचा.”

“माणसाचा?”

“छे! माणसाच्या ओरडण्याची दखल घेणारं खातं अजून निघायचंय.”

“मग काढा ते हात बाहेर. त्याचं ओरडणं मी ओरडते.”

आणि आत्या ओरडली! देवाने तिला गळा दिला होता तो बहुधा याच दिवसासाठी. तिच्या आवाजाखाली मुकादमचे केकाटणे असे बुडाले, की यंत्र गोंधळून गप्प राहिले. डॉक्टरांनी पट्टीकडे ढुंकूनही न बघता दुखरा पंजा धरला, चीर दिली, पू वाहू दिला आणि चिमट्याने काचेचा तुकडा बाहेर काढला. मग ते पुन्हा जुन्या आवाजात खेकसले, “आणि नखं कोण कापणार? मी?”

आत्याला ते बोलणे अभंगासारखे गोड लागले.

आठवड्याभरात मुकादम चार पायांवर उभा राहून बाबांच्या कामावर गुरगुरू लागला. कुटुंबानेही कर्तव्य पार पाडले. मोठ्या रस्त्यावरच्या डॉक्टरांना लेकीने पाच तारे दिले: ‘विश्वास असला की गुण येतोच.’ गल्लीच्या टोकाला एक तारा: ‘दवाखान्यात एक बाई सारखी ओरडत होती.’

तुम्ही हसलात? हसा खुशाल. पण एक सांगा. मुकादम लंगडत होता डाव्या पायाने. पहिल्याच ओळीत लिहिले आहे. त्या गोड डॉक्टरांनी आकाशी पट्टी बांधली ती उजव्या पायाला. हेही लिहिले आहे, लपवलेले नाही. लक्षात आले होते का, की तुम्हीही तेव्हा फोटोच बघत होतात?